दोनशे रोपं देतो म्हणतात, घ्यावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण नागपुरात मानेवाड्याच्या पुढे एका लेआउटमध्ये सहा हजार चौरस फुटांची मोकळी जागा पडून आहे. आज तिथे गाजरगवत, बांधकामाचा मलबा आणि लग्नसराईत एखादा मांडव. तिथले एक लोकप्रतिनिधी पावसाळ्यात दोनशे रोपं फुकट द्यायला तयार आहेत. काही रहिवाशांना चालायला ट्रॅक आणि व्यायामाची यंत्रं हवी आहेत. विचारणाऱ्या ताईंना जाणून घ्यायचंय की एवढ्याशा बागेनं उकाडा, पाणी तुंबणं आणि माणसांची तब्येत यांत खरंच काही फरक पडतो का, आणि सुरुवात कुठून करायची. मी शिक्षणानं कृषी पदवीधर, आणि बावीस वर्षं नागपूरच्या वस्त्यांमध्ये झाडं लावण्याचं, जगवण्याचं आणि बऱ्याचदा मेलेली उपटण्याचं काम केलंय. त्या भरवशावर सांगतो.

ताई, फरक पडतो, पण दोनशे रोपांनी नाही. हिशेब करून बघा. सहा हजार फुटांत दोनशे रोपं म्हणजे एकाच्या वाट्याला तीस चौरस फूट, साडेपाच बाय साडेपाच. वाढलेल्या कडुनिंबाचा घेर तीस-पस्तीस फुटांचा होतो. म्हणजे दोनशे लावणारा माणूस मनातल्या मनात एकशेऐंशी मरणार हे धरूनच चालतो. तुम्ही बारा घ्या, आणि उरलेल्या रोपांच्या बदल्यात पाण्याची एक टाकी मागा. रोपाबरोबर फोटो चांगला निघतो, टाकीबरोबर निघत नाही, त्यामुळे टाकीला वेळ लागेल. तरी मागून बघा.

कोणीतरी मियावाकी पद्धतीचं दाट जंगल करा असंही सुचवेलच. त्या पद्धतीशी माझं भांडण नाही. रस्त्याकडेचा आवाज-धूळ अडवायला, मोठ्या संस्थेच्या एका कोपऱ्यात ती चांगली चालते. पण एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावल्यावर आत माणूस शिरत नाही. वस्तीतली एकुलती एक मोकळी जागा अशी भरून टाकली, तर म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे आणि पोरांनी खेळायचं कुठे?

माझी पहिली मोठी फजिती ५ जूनची आहे. पर्यावरण दिन म्हणून आम्ही एका वस्तीत दीडशे रोपं लावली. बॅनर होतं, टोप्या होत्या, समोसेही होते. नागपुरात ५ जूनला पावसाळा नसतो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, नुकताच सरलेला असतो. पाऊस धरायला महिन्याचा मध्य उलटतो, कधी त्याहून उशीर. पंधरा दिवसांत निम्मी रोपं करपली, उरलेली ऑगस्टात शेळ्यांनी खाल्ली. त्या वस्तीत धुण्याभांड्याला येणारी एक मावशी होती, भंडाऱ्याकडची, माहेरी धानाची शेती. ती तेव्हाच म्हणाली होती, "भाऊ, झाडं लावून तुमी जासान घरी, उन्हाळ्यात पानी कोन टाकन?" माझ्या हातात पदवी होती आणि उत्तर नव्हतं. पुढे तिनंच शिकवलं की खड्डे मे महिन्यात खणून ठेवायचे आणि उघडे सोडायचे. उन्हानं मातीतली कीड, हुमणीचे कोष, तणाचं बी भाजून निघतं. मग दोन-चार दणदणीत पाऊस झाल्यावर, म्हणजे जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावायचं.

तर पहिला प्रश्न पाण्याचा. झाड मरतं ते पहिल्या वर्षी पावसाळ्यात नाही, पुढच्या फेब्रुवारी ते जूनमध्ये, आणि असे तीन उन्हाळे काढावे लागतात. बारा झाडांना आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर म्हणजे पाचशे लिटरच्या आतबाहेर. एवढं पाणी कुठूनही निघतं. दोनशेला आठ हजार लागेल, ते कुठूनच निघत नाही. रोपाशेजारी मातीचा माठ गळ्यापर्यंत गाडा, बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घाला, वर झाकण. माठ पाझरत राहतो आणि ओल मुळाशीच राहते. झाकण विसरू नका, नाहीतर तुमची बाग डासांची शाळा होईल. बोअरवेलची मोटार लावणार असाल तर विजेचं बिल कोणाच्या मीटरवर येणार हे आधी कागदावर लिहा. चांगली जमलेली तीन मंडळं मी याच एका मुद्द्यावर फुटलेली पाहिलीत. एसीचं टपकणारं पाणी रोपांना उत्तम. आरओच्या नळीचं वाया जाणारं पाणी मात्र रोज तिथेच ओतू नका, त्यात क्षार जास्त असतात आणि काळ्या मातीत ते साचून राहतात.

प्रत्येक झाडाला समोरचं घर जोडून द्या. पाटी लावायची गरज नाही, नाव सगळ्यांना ठाऊक असलं की पुरे. आणि लोखंडी गार्डच्या भानगडीत पडू नका. एकतर ते भंगारात जातं, नाहीतर दहा वर्षांनी खोडात रुतलेलं सापडतं. बांबूच्या चार कामट्या आणि भोवती बोरीच्या काटेरी फांद्या, शेळी फिरकत नाही. लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढा. हे सांगावं लागतं याची लाज वाटते, पण वादळात कोसळलेल्या झाडाच्या मुळाशी नर्सरीची काळी पिशवी मी स्वतः पाहिलीय.

आता झाड कुठे लावायचं. यासाठी नकाशा नको. मे महिन्यात एखाद्या दिवशी दुपारी तीन वाजता टोपी घालून त्या जागेवर या आणि नुसतं बघा. भाजीचा ठेला कुठे थांबतो, सामान पोचवणारा पोरगा गाडी कोणत्या भिंतीला लावतो, कुत्री कुठे पसरलीत. तिथे सावली आधीच आहे. जिथे माणसाला थांबावं लागतं आणि सावली नाही, म्हणजे ऑटोची वाट बघायचा कोपरा, कचरागाडीची जागा, अंगणवाडीचं दार, तिथे झाड हवं. बहुतेक वेळा असं दिसतं की बारापैकी पाच-सहा झाडं मोकळ्या जागेत नाही, तिच्या कडेच्या रस्त्यावर लागायला हवीत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तोच. त्या दिवसांत भिंत किंवा इमारत दुपारी बारा वाजता सावली देतच नाही, डोक्यावर छत्र असेल तरच सावली. आणि घर तापतं ते दोननंतर, पश्चिमेच्या उन्हानं. म्हणून घरांच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला झाड असलं की भिंत तापत नाही, आणि भिंत तापली नाही की रात्री ती आग ओकत नाही. आमच्याकडे दिवसाचे पंचेचाळीस अंश माणूस कसाबसा सोसतो, रात्री शरीराला उतार मिळाला नाही की खरा त्रास होतो. बरेच रस्ते सिमेंटचे झाल्यापासून रात्री दहालाही रस्त्यावरून वाफ लागते, हे तुम्हीही अनुभवत असाल.

कूलर आहेच की, असं कोणी म्हणेल. कूलर कोरड्या हवेत चालतो. जूनमध्ये दोन सरी पडल्या की हवा दमट होते, कूलर नुसता वारा फेकतो आणि अंगावरचा घाम वाळत नाही. तेव्हा पारा उतरलेला दिसतो, पण माणसं जास्त हैराण असतात. सावली मात्र मेमध्येही कामाची आणि जूनमध्येही.

झाडाची निवड करताना मी एकच गोष्ट आधी विचारतो, एप्रिल-मेमध्ये त्याच्या अंगावर पानं असतात का? पळस देखणा, पण उन्हाळ्यात बोडका. सागही तसाच. बहावा मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो, डोळ्यांना सुख, सावली नावापुरती. एखादा जरूर लावा, बारा नको. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान टाकतो आणि उकाडा सुरू होईपर्यंत पुन्हा भरतो. करंज माझा सगळ्यात लाडका. चैत्राच्या सुमारास थोडे दिवस झडतो आणि बघता बघता चकचकीत पोपटी पालवीनं असा भरतो की खाली उन्हाचा कवडसा पडत नाही. काळ्या मातीत तो खूश, शेळी त्याला तोंड लावत नाही, वादळातही टिकतो. कुसुम हळू वाढतो पण त्याची लाल पालवी एकदा बघाच. पिंपळ, वड, उंबर यांना सहा हजार फुटांत एकच जागा आहे, आणि ती नाली-गटाराच्या लाइनपासून लांब. चिंच, जांभूळ लावा, पण बाकाजवळ नको, जांभळाच्या दिवसांत कपडे वाचत नाहीत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्यात रस्ता करताना एका बाजूची मुळं तोडलेली असली की एप्रिलच्या अवकाळी वादळात तो हमखास कोणाच्या तरी गाडीवर. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस नावाचं परदेशी झाड आणून देणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

आधीपासून उभी असलेली झाडं मात्र नव्या बाराच्या आधी बघा. तुमच्या गल्लीत वीस वर्षांचे दोन कडुनिंब असतील आणि बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) आले असतील, तर आधी ते फोडा. बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी हवी. एक मोठं झाड वाचवणं म्हणजे वीस वर्षं फुकट मिळणं. आमच्या ओळखीच्या एका गल्लीत पोरांनी छिन्नी-हातोड्यानं एका रविवारी चार झाडं मोकळी केली, खर्च नाश्त्याचा.

पाणी तुंबण्याबद्दल खरं ते सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. असला पाऊस कोणत्याही कॉलनीची बाग अडवू शकत नाही, तिथे नदीची वाट मोकळी ठेवण्याचा प्रश्न आहे. पण दरवर्षी पाच-सहा वेळा पडणारी तीस मिलिमीटरची जोरदार सर, जिच्यात तुमच्या कोपऱ्यावर घोट्याएवढं पाणी साचतं, ती अडवता येते. तुमच्या जागेवर तीस मिलिमीटर म्हणजे साधारण सतरा हजार लिटर पाणी. जागेचा चौथा हिस्सा, सर्वात सखल कोपरा, सहा इंच खोल करून ठेवला तर त्यात एकवीस हजार लिटर मावतं. म्हणजे बाग स्वतःचा पाऊस पचवून शेजारच्या एका छपराचंही पाणी घेऊ शकते. लोक मात्र उलट करतात. भरण टाकून बाग रस्त्यापेक्षा फूटभर उंच करतात, कडेनं गट्टू लावतात, आणि मग बागेचं पाणी शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये.

इथे एक फसवी गोष्ट आहे. दक्षिण नागपुरातले बरेच लेआउट शेतजमिनीवर उठले आहेत, तुमच्याकडे काळी माती निघण्याची शक्यता मोठी. ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. काळ्या मातीतच शोषखड्डा केलात तर शोषण होत नाही, डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत खणा. कुठे चार फुटांवर लागतो, कुठे सहावर. खाली दगडगोटे, वर गिट्टी, वर वाळू. खड्डा घरांच्या पायव्यापासून दहा-बारा फूट तरी लांब. तपासणी सोपी आहे. पाऊस थांबल्यापासून दोन दिवसांत तिथलं पाणी दिसेनासं झालं पाहिजे. डेंगूचा डास अंड्यातून उडायला आठवडाभर घेतो, तेव्हा दोन दिवसांची मर्यादा पाळली की भीती नाही. त्या सखल भागात कर्दळ, वाळा, गवती चहा लावा. वाळ्याची मुळं कूलरच्या ताट्यांसाठी उपयोगी, हा वरचा फायदा.

डेंगूचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे तो बागेपेक्षा कूलरमध्ये जास्त वाढतो. उन्हाळा संपला तरी कूलर खिडकीत तसाच असतो आणि टाकीत तळाशी पाणी. बागेचं मंडळ झालं की रविवारी सकाळी अर्धा तास घरोघर कूलर, कुंड्यांच्या बश्या, गच्चीवरचे टायर रिकामे करण्याची फेरी काढा. मला विचाराल तर तब्येतीच्या दृष्टीनं तुमच्या प्रकल्पातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठं काम हेच.

आता ट्रॅक आणि यंत्रं. यंत्रांचा लोखंडी दांडा मेमध्ये हाताला चटका देतो, पावसाळ्यात बेअरिंग जाम होतात, आणि तिसऱ्या वर्षी त्यांवर लोक कपडे वाळत घालतात. ते पैसे बाकांना द्या. बाक अठरा इंच उंच, पाठीला टेका आणि हाताला आधार असलेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हात टेकायला काहीतरी लागतं. हाताचा आधार नाही म्हणून बागेत न येणाऱ्या आजी मला भेटल्या आहेत. बाक दोन-दोन समोरासमोर ठेवा, म्हणजे माणसं बोलतात. एका रांगेत ठेवले की मोबाइल बघतात. चालायला सिमेंट नको, दाबून बसवलेला मुरूम पुरे. आणि बागेला दुपारी कुलूप लावू नका. सकाळी दहा ते चार बंद असं करणाऱ्या बागा त्याच वेळी बंद असतात जेव्हा चौकीदाराला, गवंड्याला, डबा-पार्सल पोचवणाऱ्याला सावली हवी असते. फाटकाशी एक रांजण ठेवा, ओगराळ्यासह. तो भरायची पाळी ठरवा.

बाकांवर बसून जे होतं त्याची किंमत कळायला मला उशीर लागला. एका वस्तीत संध्याकाळी बागेत जमणाऱ्या बायकांनी आपसांत एक यादी केली. एकटं कोण राहतं, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली कोण राहतं, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत. कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी चारला प्रत्येकीनं दोन फोन करायचे, एवढाच नियम. एकदा एका काकांनी फोनवर असंबद्ध बोलायला सुरुवात केली. काकूंना शंका आली, त्या जाऊन बघतात तर अंग तापलेलं, त्वचा कोरडी, काका स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेले. त्यांनी आधी अंगावर पाणी ओतलं, पंखा लावला, मग १०८ ला फोन केला, आणि शुद्ध धड नसताना तोंडात पाणी घातलं नाही. तिन्ही गोष्टी बरोबर केल्या. काका आज बागेत बुद्धिबळ खेळतात आणि हरले की चिडतात. ऊन लागलेल्या माणसाचं बोलणं बरळल्यासारखं झालं की ते साधं ऊन राहिलेलं नसतं, हे बागेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भाजीचा वाफा करायचा असेल तर जरूर करा, पण आपला हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), मुळा, वांगी. आधी मलबा काढून वरची फूटभर माती बदला. उन्हाळ्यात वाफा झाकून मोकळा सोडा, पाण्याशी झगडू नका. वाफ्याची जबाबदारी अशा बाईकडे द्या जिचे हात मातीतले आहेत. ती बहुधा मंडळाची सदस्य नसेल, तुमच्याकडे कामाला येत असेल. तिला त्यातली भाजी मिळेल हे आधी ठरवा आणि बैठकीत खुर्चीही द्या. आमच्या भंडाऱ्याच्या मावशीला दोन वर्षं आम्ही फक्त कामापुरतं बोलवत होतो. त्या दोन वर्षांत आमचे टोमॅटो एकदाही धड आले नाहीत.

परवानगीचं थोडक्यात. जागा नागपूर सुधार प्रन्यासाची (शहरातले लेआउट विकसित करणारी सरकारी संस्था) की महापालिकेची हे आधी कागदोपत्री काढा आणि उद्यान विभागाला लेखी पत्र देऊन पोच घ्या. १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, तेव्हा लावतानाच विजेच्या तारांखाली लावू नका. दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाईल आणि तुमच्याच्यानं काही होणार नाही.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून. आत्ता फाल्गुन आहे, कडुनिंबाची पानगळ जोरात आहे, आणि रोज सकाळी कोणीतरी ती गोळा करून काडी लावतंय. त्या धुरानं दम्याचे लोक घरात कोंडले जातात आणि जुलैत हवं असलेलं खत जळून जातं. तेव्हा या रविवारी जाळी आणा. चार फूट व्यासाचा, चार फूट उंच गोल पिंजरा, झाडाच्या सावलीत, बुडाला काहीच नाही, थेट मातीवर. पानं दाबून भरा, प्रत्येक वीतभर थरावर शेणाचं पातळ पाणी आणि घरी आंबलेलं ताक असेल तर तेही शिंपडा, आठवड्याला एकदा ओलं करा. मुठीत दाबलं की हात ओला व्हावा, थेंब पडू नये. वाळवी दिसली तर घाबरू नका, पिंजरा कोरडा पडलाय इतकाच त्याचा अर्थ. शेजारी झाडू मारणाऱ्या ताईंना पिंजरा दाखवून ठेवा, आणि काडी लावायच्या आधी पानं इथे टाकली तर त्यांना किती फेऱ्या कमी पडतात ते त्यांच्यासोबत चालून बघा. अंतर जास्त असेल तर पिंजरा त्यांच्या सोयीनं हलवा.